पंचनाम्याबाहेरची झाडे

दिवेआगरला आमचे घर आहे असे मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक कौलारू घर उभे राहते. ते खरेच आहे, पण घर हा त्या जागेतला सगळ्यांत लहान भाग. रस्त्यावरून आत शिरले की बेताचे अंगण, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी. एवढ्याला साठ पावले लागत. लहानपणी आम्ही ती मोजली होती. पडवीच्या तीन पायऱ्या उतरल्या की विहीर, आणि विहिरीपासून जे परस सुरू होई ते थेट समुद्राकाठच्या केवड्याच्या बनाला जाऊन टेके. त्याला आम्ही वाडी म्हणतो. आमच्या बाजूला सोयरीक जमवताना घर किती खणांचे हे मागाहून विचारीत. आधी वाडीत पोफळी किती, ते विचारीत.

गावाच्या नावातच आगर आहे. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा एक ताम्रपट या गावात सापडला, आणि मराठीच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. तेव्हाही इथे माड-पोफळी असतील असे आपले मला वाटते. विद्वानांचा पाठिंबा मी मागितलेला नाही. पुढे १९९७ च्या नोव्हेंबरात गावातल्याच एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. त्या वर्षी साऱ्या गावाने झाडांची आळी नेहमीपेक्षा हातभर खोल खणली, असे आमची काकू अजून हसून सांगते. आमच्या आळ्यांत गांडुळे निघाली. काकूच्या मते तीही काही वाईट नव्हती.

मी पुण्यात वाढलो, पण १९५८ पासून पुढच्या दहा-बारा वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या मी या वाडीत काढल्या. तेव्हा एस. टी. ने यायचे म्हणजे दिवस मोडे. माणगावला गाडी बदलायची, तिथे भजी खायची, मग म्हसळ्यापर्यंतची वळणे. या वळणांत आमच्यापैकी कोणी ना कोणी खाल्लेली भजी परत करीच. बोर्ली पंचतन मागे पडले की खिडकीतून खारा वारा येई आणि मळमळ कुठल्या कुठे पळे. घरी पोचल्यावर ओटीवर बसलेल्या आजोबांच्या पाया पडायचे ते अर्धवट वाकून, कारण दुसरा पाय वाडीकडे निघालेला असे.

पोफळ हे झाड शहरातल्या माणसाला एखाद्या उभ्या काठीसारखे वाटते. पोरांचे तसे नव्हते. पोफळीची झावळी सुकून गळते तेव्हा तिच्या बुडाशी एक रुंद, चिवट, चामड्यासारखे आवरण असते. ती विरी. एकाने विरीवर मांडी घालून बसायचे, दोघांनी झावळीचा शेंडा धरून ओढायचे, आणि ती गाडी पाटाच्या ओल्या काठाने विहिरीपासून केवड्यापर्यंत न्यायची. मी पुढे मोटारी घेतल्या, विमानातही बसलो; पण वाहनात बसल्याचा तसा आनंद पुन्हा झाला नाही. खेळून फाटली नाही तर तीच विरी आजी धुऊन वाळवी आणि तिचे पंखे करी, द्रोण करी. आमच्या श्रीवर्धन भागातल्या रोठा सुपारीचे नाव मोठे, तिच्यावर घराचा वर्षाचा खर्च चाले, हे सगळे मला मोठेपणी कळले. तेव्हा पोफळ हे विऱ्या देणारे झाड होते, आणि सुपारी हा मोठ्या माणसांनी लावलेला तिचा भलताच उपयोग होता.

सुपारी उतरवायला एक गडी येई. पायांत दोराचा फास अडकवून तो सरसर वर जाई, घड कापी, आणि मग खाली न उतरता झाडच झुलवू लागे. पोफळ वाके, शेजारच्या पोफळीला लागे, आणि हा हात लांबवून त्या झाडावर जाई. अशा दहा-पंधरा पोफळी करून तो वाडीच्या दुसऱ्या टोकाला उतरे. आम्ही खालून माना मोडेपर्यंत बघत राहू. आजोबा ओरडत, "अरे, तोंडे मिटा, सुपारी पडेल!"

पाणी रहाटाने येई. पहाटे बैल जुंपला की रहाटाची कुरकुर सुरू होई, लोटे भरून वर येत आणि दोणीत रिकामे होत, आणि पाणी पाटाने झाडाझाडाच्या आळ्यात जाई. एक आळे भरले की पाळ मोडून पाणी पुढे सोडायचे, हे शिंपण्याचे काम मुलांना मिळे, आणि मोठे झाल्याचा पहिला दाखला तोच. न्हाणीचे पाणी मात्र पाटात येत नसे. ते परभारे एका माडाला जाई. तो न्हाणीचा माड. घरातल्या तीन पिढ्यांच्या आंघोळी पिऊन तो असा माजला होता की वाडीत सगळ्यांत जास्त नारळ त्याला. नरकचतुर्दशीला अभ्यंगाआधी अंगाला नारळाचे दूध चोळीत, ते याच माडाच्या नारळांचे. म्हणजे ज्याने आंघोळीचे पाणी प्यावे त्यानेच आंघोळीला दूध द्यावे, असा तो हिशेब होता. त्या दिवसाचे गोडे पोहेही त्याच्याच खोबऱ्यावर होत.

घरात मूल जन्मले की एक माड लावायचा, ही आमच्या घराण्याची रीत. मी पुण्यात जन्मलो तरी माझा माड इथे लागला. तो वाकडा निघाला, पश्चिमेला कलला, त्यावरून मला जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही. माडाच्या खोडावर कडी असतात, ती गळालेल्या झावळ्यांची खूण. चांगल्या माडाला वर्षाला बारा-एक झावळ्या येतात, म्हणजे अदमासे महिन्याला एक. आजोबा खोडावर बोट फिरवून सांगत, "ही तुझी मुंज. हे इथे तू मॅट्रिकला बसलास." एका जागी सगळ्याच माडांची खोडे कंबर आवळल्यासारखी बारीक होती. त्या वर्षी बैल मेला आणि दुसरा घ्यायला पैसे नव्हते. उन्हाळाभर रहाट बंद राहिला. घरात त्या वर्षाबद्दल कोणी बोलत नसे. माडांनी मात्र ते सोळा खोडांवर लिहून ठेवले होते.

रातांब्याचे, आवळ्याचे, बकुळीचे असे सगळे सांगत बसलो तर अंक पुरायचा नाही. रातांबे फोडून आमसुले घालण्याच्या दिवसांत आम्हां सर्वांचे हात आणि सदरे सारखेच लाल असत, एवढे सांगून पुढे जातो. उंडीच्या गोल बियांच्या आम्ही गोट्या करीत आणि आजी त्यांचे कडू तेल दिव्याला वापरी. या गोट्यांवरून तिचा-आमचा कायमचा तंटा असे. दिवाळी झाली की कार्तिकात काकू आवळ्याखाली पाने मांडी. गडीमाणसे, शेजारी, सगळे त्या जेवणाला असत. जेवण साधेच, पण आवळ्याची बारीक पाने वरून भातात पडत आणि ती काढायची नाहीत असा नियम होता.

बांधावरच्या फणसाची हकीगत मात्र टाळता येत नाही. तो अर्धा आमचा आणि अर्धा शेजाऱ्यांचा होता. निदान आजोबांच्या मते पाऊण आमचा होता. त्यावरून तालुक्याच्या कोर्टात दावा चालला तो बावीस वर्षे. फणस होता बरका, ज्याचे गरे घशात अडकतील अशा भीतीने आम्ही पोरे खातही नव्हतो. आजीला मात्र सांदणांसाठी बरकाच लागे. दोन्ही घरच्या बायकांनी आपसांत ठरवून घेतले होते. फणस कोणाच्याही हद्दीत पडो, पहाटे पुरुष उठायच्या आत तो विहिरीवर फोडून वाटला जाई, आणि दोन्ही घरांत एकाच दिवशी सांदणे होत. दोन्ही वादी ती मिटक्या मारीत खात आणि जेवणानंतर वकिलाला पत्र लिहायला बसत.

आता जायफळाचे. हे झाड काकूचे. काकू १९५८ साली लग्न होऊन या घरात आली तेव्हा केळशीहून, म्हणजे तिच्या माहेराहून, एक हातभर रोप टोपलीत घालून घेऊन आली होती. अठरा वर्षांची मुलगी, तोंडातून शब्द निघत नसे. विहिरीच्या उत्तरेला सावलीत तिने ते लावले आणि वाट पाहत राहिली. जायफळाची एक मोठी अडचण अशी की त्यात नर झाड वेगळे आणि मादी वेगळी, आणि रोपावरून काही कळत नाही. फूल येईपर्यंत सहा-सात-आठ वर्षे पाणी घालीत राहायचे आणि मग समजायचे. आताशा खात्रीच्या मादीची कलमे मिळतात. तेव्हा नशीब आणि पाणी एवढेच होते.

आठव्या वर्षी फुले आली. नर निघाला.

नर जायफळाला फळ धरत नाही. वाडीत अशा झाडाचा एकच उपाय असतो, आणि आजोबांनी कोयता मागवला. "तिथे दोन पोफळी बसतील," ते म्हणाले. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि पडवीच्या पायरीवर बसलो होतो. काकू स्वयंपाकघरातून आली, आजोबांसमोर कधी उभी न राहणारी ती बाई झाडाला टेकून उभी राहिली, आणि एवढेच म्हणाली, "हे राहू दे." कारण सांगितले नाही. आजोबांनी तिच्याकडे पाहिले, झाडाकडे पाहिले, आणि गड्याला म्हणाले, "बघतोस काय? नारळ सोलायचे पडलेत." त्या दिवसापासून त्या झाडाला घरात सगळे 'केळशीकर' म्हणू लागले. फळ न देता पाहुणचार घेतो म्हणून थट्टाही होई. काकू ती ऐकून घेई आणि उन्हाळ्यात त्याला दोन घागरी जास्त घाली.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग नावाचे चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले. हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. बंगालीत आणि मराठीत त्याचा अर्थ एकच. वाऱ्याचा वेग ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटर होता असे पुढे छापून आले. काकूने वेग मोजला नाही. ती, माझा चुलतभाऊ आणि त्याची बायको माजघरात देवांपाशी बसून होती. आधी कौले उडाली. मग वाडीतून आवाज येऊ लागले. पोफळ मधोमध मोडते तेव्हा फटाका वाजल्यासारखा आवाज होतो, आणि एक पडली की ती पुढचीला घेऊन पडते. "सुरुवातीला मी मोजत होते," काकू मला म्हणाली, "मग एकामागून एक असे काही सुरू झाले की मोजणे सोडले आणि रामरक्षा म्हणू लागले." संध्याकाळी मागचे दार उघडले तर समोर समुद्र दिसला. त्या घराच्या मागच्या दारातून समुद्र कधी कोणी पाहिला नव्हता.

टाळेबंदीचे दिवस. परवाना काढून मी जूनच्या मध्यावर तिथे पोचलो. गावात वीज नव्हती, फोन नव्हता. ताम्हिणी उतरल्यावर माणगावपर्यंत नेहमीचा हिरवा पावसाळा होता, आणि म्हसळ्याच्या पुढे डोंगर पोळल्यासारखे तपकिरी. खाऱ्या वाऱ्याने पालाच जाळून टाकला होता. वाडीत शिरायला वाट नव्हती. आडव्या खोडांवरून, एकावरून दुसऱ्यावर असे मी गेलो. तो सुपारीवाला गडी उंचावरून जसा जाई तसाच, फक्त जमिनीवरून.

दुसऱ्या दिवशी तलाठी आले. पोरसवदा, भिजलेले, दिवसभर हिंडून आवाज बसलेला. हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला तक्ता. काकू पडवीत पाटावर बसली होती.

"आजी, नारळ किती पडले?"

"न्हाणीचा पडला," काकू म्हणाली. "मग सासऱ्यांचा. मोठ्या वन्संचा शेंडा गेला, बुंधा उभा आहे, तो धरायचा का? याचा वाकडा," माझ्याकडे बोट करून, "तो मुळासकट गेला."

"आकडा सांगा, आजी."

"आकडा तुम्ही मोजून घ्या हो. मी कोण कोण गेले ते सांगते."

त्या मुलाचे मला कौतुक वाटते ते यासाठी, की त्याने पेन खाली ठेवले आणि ऐकून घेतले. त्याला अजून अकरा वाड्या करायच्या होत्या. काकू माडांची नावे सांगत गेली, प्रत्येकाबरोबर एक माणूस सांगत गेली. त्यातली निम्मी माणसे हयात नव्हती. मग तो भावाला घेऊन वाडीत गेला आणि मोजून आला. नारळ १७, सुपारी ११२, आंबे ३, फणस १. बांधावरचा तो फणस पडताना शेजाऱ्यांच्या हद्दीत पडला होता. शेजारचे म्हणाले, तो तुमच्याच यादीत लिहा. आमचा भाऊ म्हणाला, नको, तुमच्या लिहा. बावीस वर्षांच्या दाव्याचा असा निकाल लागला.

शेवटी तलाठी विहिरीपाशी थांबले. "हे कसले झाड?"

"जायफळ," काकू म्हणाली.

"उत्पन्न?"

"नर आहे तो."

त्यांना समजेना. भावाने समजावून सांगितले. "मग हे घेता येणार नाही, आजी," ते म्हणाले. "उत्पन्न नसलेले झाड नुकसानीत बसत नाही."

"बसायचे नाहीच," काकू म्हणाली. "चहा घ्या. दूध नाही, काळा आहे."

पुढे भरपाईचा दर ठरला, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५० रुपये. दर ठरवणाऱ्याला कुठलातरी आकडा धरावाच लागतो, हे मला समजते. तरी एका रात्री मी हिशेब केला. नारळाचे ४२५० आणि सुपारीचे ५६००, मिळून ९८५० रुपये. साठ वर्षांच्या माडाला २५०, म्हणजे वर्षाला चार रुपये आणि वर काही पैसे. मग मी दुसरा हिशेब करायला घेतला. मुंजीचे, लग्नांचे, गौरीगणपतीचे नारळ. छपराचे झाप, अंगणाचे खराटे, चुलीतली सोडणे, आणि धाकट्या काकांच्या कॉलेजची फी, जी सुपारीवर गेली. हे सगळे आम्ही घेतले आणि पावती कोणाला दिली नाही. तो कागद पुरा झाला नाही. कंदिलातले तेल संपले.

मोडलेले माड तोडून नेण्याआधी मी माझ्या वाकड्याच्या खोडावर बसून कडी चाचपली. मुंजीची जागा सापडली. बैल मेल्याची बारीक कंबरही सापडली. वरच्या टोकाकडे, शेंड्याजवळ, कडी अगदी जवळजवळ आली होती. झाड म्हातारे झाले की तशी येतात.

आता जे लावले आहे त्याचे सांगतो. पोफळ एकटी वाढत नाही. तिला सावली लागते. उघड्यावर नैर्ऋत्येकडचे ऊन खोडाला लागले की ते करपते, भेगाळते आणि पुढे तिथेच मोडते. सगळी वाडी आडवी झाल्यावर सावली आणायची कुठून? भावाने आधी केळी लावल्या, केळी उभ्या राहिल्यावर त्यांच्या आडोशाला सुपारीची रोपे, आणि प्रत्येक रोपाला पश्चिमेकडून वाळकी झावळी बांधली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा त्यांतलीही काही केळी झोपली. पुन्हा लावली. पोफळ पाच-सहा वर्षांनी धरते, त्यामुळे घर आता रोपांकडे बघत दिवस काढते आहे. सुपारी उतरवायला त्या गड्याचा नातू येतो. वाचलेल्या पोफळी दूरदूर आहेत, तेव्हा तो प्रत्येक झाडावरून उतरतो आणि पुढच्यावर नव्याने चढतो.

२०२२ च्या सुमारास शेजारच्या वाडीतून तक्रार आली. त्यांची वाचलेली जायफळे, चारही माद्या, फुलत होत्या पण फळ धरत नव्हते. आधी वादळाचा धक्का असेल असे वाटले. मग कोणीतरी हिशेब काढला. आमच्या आळीत नर झाड एकच होते. साधारण दहा माद्यांमागे एक नर लागतो, बारीक किडे एकाचे पराग दुसऱ्याला नेतात. आणि साठ वर्षे आळीतल्या साऱ्या घरांत बाळांना सहाणेवर उगाळून दिलेले जायफळ, श्रीखंडात पडलेले जायफळ, काकूच्या त्या बिनउत्पन्नाच्या झाडामागून आले होते. शेजारची सून हे सांगायला आली तेव्हा काकू निवडणे निवडीत होती. तिने मान वर केली नाही. "मला ठाऊक होते का ते?" ती म्हणाली. "मला आपले ते माहेरचे होते."

केळशीकराच्या बुंध्याजवळ वादळाच्या वेळी एक गुडघाभर रोप उभे होते. पक्ष्याने टाकलेल्या बीचे असावे. आडव्या पडलेल्या फांद्यांखाली ते वाचले, आणि फांद्या तोडताना काकूने ते राखायला लावले. त्याला झावळ्यांचा मांडव घातला. शेजाऱ्यांनी खात्रीचे कलम आणून देतो म्हटले, तिने नको म्हटले.

यंदाच्या उन्हाळ्यात मी तिथे असताना भाऊ सकाळी हाक मारीत आला. झाडाला पहिली फुले होती. काकू पंचाऐंशीच्या घरात आहे. तिला दोघांनी धरून पायऱ्या उतरवल्या. मादीची फुले एकटी-दुकटी येतात आणि नराची घोसाने. तिने चष्मा लावला, फांदी खाली ओढली आणि बराच वेळ बोटाने चाचपून पाहिले.

"चार, पाच... घोस आहे," ती म्हणाली. "नरच. जा, शेजारी सांगून ये."